आंबा घाटातले अडीच तास

हुद्दारसाहेबांनी सीटबेल्ट लावला, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतली आणि समोरच्या पडद्याकडे बघून विचारलं, "चौऱ्याहत्तर टक्के. एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर जाईल म्हणतेय. कोल्हापूर किती इथून?"

"एकशे सहा."

"मग झालं तर. आरामात पोचू." त्यांनी मागे वळून पाहिलं. "हे पोतं कसलं?"

"वाळूचं. पंचावन्न किलो आहे. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो. आज दोघंच आहोत, म्हणून वजन भरून काढलं."

ते हसले. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचं काम करतो हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे हा माझा स्वभावच असेल असं त्यांना वाटलं असावं. स्वभाव होताच. पण या फेरीला मी नुसता मोजणीला निघालो नव्हतो.

साडेअकराला आम्ही देवरूख सोडलं. मे महिन्याची अखेर होती. ऊन असं की स्टिअरिंगला हात लावताना चटका बसत होता.

"साळवी, एसी कमी करू का?" त्यांनी विचारलं. "तेवढीच बॅटरी वाचेल."

"राहू दे. त्या दिवशी एवढाच होता."

तो दिवस म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. माझी मुलगी शर्वरी हिची मेडिकलची प्रवेश परीक्षा होती आणि केंद्र कोल्हापुरात आलं होतं. फाटक दीडला बंद होणार होतं. आदल्या रात्री वीज गेली आणि गाडी पूर्ण चार्ज झाली नाही, चौऱ्याहत्तर टक्क्यांवर अडकली. त्या गाडीच्या बॅटरीवर माझा विश्वास तेव्हा उरलेला नव्हता. घेतली तेव्हा एका चार्जिंगमध्ये तीनशेच्या आसपास जायची. दोन वर्षांत दोनशेच्या खाली आली. मी तारीखवार नोंदी काढून कंपनीला चार वेळा पाठवल्या. चारही वेळा एकच उत्तर आलं: बॅटरीची स्थिती मर्यादेत आहे, फरक चालवण्याच्या सवयीमुळे पडतो, टायरमधली हवा तपासावी. मार्चमध्ये त्यांनी गाडी बोलावून काही अपडेट टाकलं, आणि मग आकडा जरा बरा दिसायला लागला.

तरी मला खात्री नव्हती. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला मी थेट हुद्दारसाहेबांना फोन लावला. कोल्हापूर विभागाचे ग्राहकसेवा प्रमुख ते. मी म्हटलं, "मुलीची परीक्षा आहे. चौऱ्याहत्तर टक्के आहेत. जाऊ की जीप सांगू?"

ते म्हणाले होते, "निश्चिंत जा. गाडी दाखवतेय ना, मग त्यावर विश्वास ठेवा."

आंबा घाटाच्या दुसऱ्या मोठ्या वळणावर चौतीस टक्के दाखवत असताना गाडी एकदम मंदावली, पडद्यावर कासवाचं चित्र आलं आणि दोन मिनिटांत ती थांबली. पन्नास मिनिटं आम्ही रस्त्यात उभे होतो. शर्वरीने प्रवेशपत्राची प्लास्टिकची पिशवी डोक्यावर धरली होती. शेवटी एका लॉरीवाल्याने मलकापूरपर्यंत घेतलं, तिथून जीप केली. केंद्रावर पोचलो तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फाटकाच्या आत उभा असलेला शिपाई वाईट माणूस नव्हता. तो नीलमला, माझ्या बायकोला, म्हणाला, "ताई, माझ्या हातात नाही हो." शर्वरी फाटकाकडे पाठ करून उभी राहिली, एवढंच.

दोन वर्षं ती पहाटे साडेचारला उठत होती.

मी हे सगळं फेसबुकवर लिहिलं. ते बरंच फिरलं. मग कंपनीचं पत्र आलं की वरिष्ठ अधिकारी स्वतः येऊन तुमच्यासोबत गाडी चालवून पाहतील. हुद्दारांनी मला तीन तारखा दिल्या. दोन दिवस ते मोकळे होते. तिसऱ्या तारखेबद्दल ते म्हणाले, "त्या दिवशी जमेल, पण साडेतीनच्या आत मला कोल्हापुरात हजर राहावंच लागेल. हेड ऑफिसहून माणसं येतायत."

मी तिसरी तारीख घेतली.

कंपनीच्या गाडीने त्यांना सकाळी देवरूखला सोडलं आणि ती रत्नागिरीला गेली. परत जायला त्यांना माझीच गाडी होती. तसं मीच सुचवलं होतं.

साखरप्यापर्यंत ते गप्पा मारत होते. मूळचे मिरजेचे. वडील तबले दुरुस्त करायचे. कातड्यावर काळ्या शाईचा थर कसा चढवतात, मग तो दगडाने कसा घासतात, हे त्यांनी मला हाताने दाखवून सांगितलं. एरवी मी असा माणूस सोडला नसता, गाडी थांबवून चहा पाजला असता. त्या दिवशी मी फक्त हं हं करत होतो.

साखरपा सोडताना एकोणसाठ टक्के होते. घाट लागला. "बघा, पंचेचाळीस," ते एका वळणावर म्हणाले. थोड्या वेळाने, "अडतीस. अजून पाऊणशे किलोमीटर जाईल. वर चढलो की मग उतार आणि सपाटीच आहे."

गेल्या पंधरवड्यात मी दोनदा एकटा वाळूची दोन पोती घेऊन या घाटात येऊन गेलो होतो. चौऱ्याहत्तर टक्क्यांवर निघालं आणि एसी चालू ठेवला की गाडी कुठे मान टाकते हे मला कळून चुकलं होतं. एकदा त्या वळणाच्या सव्वाशे मीटर खाली थांबली, एकदा दोनशे मीटर वर. त्या पट्ट्यात हुद्दारांच्या फोनला रेंज मिळत नव्हती. सर्व्हिस सेंटरवर त्यांचं सिम कुठल्या कंपनीचं हे मी पाहून ठेवलं होतं. माझ्या फोनला रेंज होती. वर आंबा गावात रशीदभाई मुजावर जीप घेऊन बसले होते. मोजणीच्या कामामुळे त्यांची माझी जुनी ओळख. "फोन केला की खाली या," एवढंच मी सांगितलं होतं. वीस मिनिटांत पोचले असते.

हिशेब साधा होता. आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो, हुद्दारही पन्नास मिनिटं उभा राहील. मग रशीदभाईंना बोलावून त्याला कोल्हापुरात सोडायचं. घामाघूम होऊन, धापा टाकत, पण साडेतीनच्या आत पोचला असता. त्याच्या घशाला कोरड पडावी, त्याने दर मिनिटाला घड्याळ बघावं, एवढंच मला हवं होतं.

बारा पस्तीसला कासव आलं.

"अरे," हुद्दार म्हणाले. "तेहतीस टक्के दाखवतेय की."

"त्या दिवशी चौतीस होते."

मी गाडी कडेला घेतली. ती थांबली. एसी बंद झाला आणि दोन मिनिटांत आत भट्टी झाली. आम्ही बाहेर आलो. डांबर मऊ झालं होतं.

त्यांनी आधी फोन उंच धरून पाहिला. मग पडद्याचे फोटो काढले, वेळ लिहून घेतली. मग मला म्हणाले, "तुमच्या फोनला रेंज आहे का?"

"येते जाते. आंब्यात एक जीपवाला ओळखीचा आहे. लावतो थोड्या वेळाने."

"आत्ताच लावा ना."

"आत्ता जातेय रेंज."

मी दरडीच्या सावलीत दगडावर बसलो. ते उन्हात येरझारा घालत राहिले. एक ट्रक गेला, वळणावर तो थांबणं शक्य नव्हतं. एसटी भरून गेली. सव्वाला एक पिकअप थांबली. पुढे एक जागा होती. हुद्दार गाडीतली बॅग घ्यायला वळले, तेवढ्यात मी पुढे होऊन ड्रायव्हरला म्हटलं, "आमची जीप निघालीय आंब्याहून. जा तुम्ही." तो गेला.

"निघालीय?" हुद्दारांनी बॅग हातात घेऊन विचारलं. "फोन लागला?"

"मेसेज गेला."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. शर्टाची बटणं सोडून ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांची मान लाल झाली होती. माझ्याकडे पाण्याची बाटली होती. त्यांनी मागितली तेव्हा दिली, आपणहून दिली नाही.

एक पंचवीसला माझी पन्नास मिनिटं भरली. मी फोन बाहेर काढला. रशीदभाईंचं नाव पडद्यावर आणलं. एवढ्यात हुद्दार म्हणाले, "साळवी, तुम्हाला एक सांगतो. सांगू नये, पण आता इथे अडकलोच आहोत."

त्यांनी बॅगेतून एक फाइल काढली. त्यात एक यादी होती. एक्केचाळीस नावं. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. प्रत्येकापुढे गाडीचा नंबर, खरेदीची तारीख, आणि बॅटरीची खरी क्षमता किती उरली तो आकडा. कुणाचे बहात्तर टक्के, कुणाचे सहासष्ट. माझं नाव पहिलं होतं.

"एकाच महिन्यात बनलेल्या बॅटऱ्या आहेत सगळ्या," ते म्हणाले. "त्यातला एक भाग कच्चा आहे. चढावर जोर पडला की तो बसतो आणि गाडी थांबते. मी दीड वर्ष वर लिहितोय. आज पहिल्यांदा त्यांची बॅटरीची माणसं ऐकून घ्यायला तयार झालीत. साडेचारला ते विमानतळाकडे निघतील. सगळ्यांच्या बॅटऱ्या बदला, हे मला आज त्यांच्याकडून वदवून घ्यायचंय. म्हणून तर सकाळी तुमच्याकडे आलो. आत्ता घेतले ना, ते फोटो त्यांच्यासमोर टाकले की त्यांना नाही म्हणता येणार नाही."

मी यादी वाचली. पाचव्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'परिचारिका, गगनबावडा, रोज घाट'. एका नावापुढे 'अपंग, हाताने ब्रेक'. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मी आयुष्यभर लोकांच्या बांधांवर उभं राहून दोन्ही बाजूंची बडबड ऐकली आहे. खोटं बोलणारा माणूस मला कळतो.

माझा अंगठा रशीदभाईंच्या नावावर होता. लावणारच होतो. पण आधी एक विचारावंसं वाटलं.

"हुद्दारसाहेब, परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तुम्हाला फोन केला होता."

"हो."

"तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी फाइल मिटली.

"हो," ते म्हणाले. "मार्चच्या अपडेटनंतर पडद्यावरचा आकडा खरा राहिला नव्हता. खालचे तीसेक टक्के नुसते दिसायचे. आम्हाला तोंडी सांगितलेलं होतं."

"आणि तुम्ही मला म्हणालात, निश्चिंत जा."

"तसंच सांगायचा हुकूम होता. मला वाटलं, एक दिवस निघून जाईल. बहुतेकांचा जातो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुमची पोस्ट वाचली त्या रात्री मी जेवलो नाही, साळवी. पण सांगायला हवं होतं, ते सकाळी सातला. जीप सांगा, एवढं म्हणायला काय लागत होतं."

मी उठलो. थोडा लांब गेलो, फोन कानाला लावला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "रशीदभाई, कुठे आहात? हां, हां. या लवकर, साहेबांना घाई आहे."

फोन मी लावलाच नव्हता.

"येतोय," मी परत येऊन सांगितलं. "पंक्चर झालं होतं म्हणे."

पावणेदोन झाले, दोन झाले. ते विचारत राहिले, मी "येतोच" म्हणत राहिलो. सव्वादोनला एक कार हळू झाली, तिलाही मी हात हलवून पुढे जायला सांगितलं. आता हुद्दारांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला वाटलं, आता हा भांडेल, अंगावर येईल. मला तेही चाललं असतं. त्यांनी फक्त मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बॅग खांद्याला लावली आणि चढ चढायला लागले.

पायात त्यांच्या काळे, लेसचे, ऑफिसात घालायचे बूट होते. वीसेक पावलांवर ते थांबले, वाकून गुडघ्यांवर हात ठेवले, परत चालू लागले. येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते. एकही थांबली नाही. मी दगडावर बसून ते वळणाआड होईपर्यंत पाहत होतो. बाटलीत उरलेलं पाणी मी प्यालो. इतकं गोड पाणी मला पुन्हा कधी लागलं नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी मी रशीदभाईंना खरोखरचा फोन लावला.

त्यांना हुद्दार वाटेत दीड किलोमीटरवर भेटले. जीप खाली येऊन मला घेऊन जाईपर्यंत ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. कोल्हापुरात ऑफिसासमोर उतरलो तेव्हा चार पन्नास झाले होते. वॉचमन म्हणाला, "मोठे साहेब लोक गेले, वीस मिनिटं झाली." हुद्दार जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं झालं ना, साळवी?"

मी "झालं" म्हणालो आणि रशीदभाईंबरोबर परत फिरलो.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. सदिच्छा म्हणून माझी बॅटरी बदलून मिळणार होती. सोबत एक कागद होता: फेसबुकवरचा मजकूर काढायचा आणि याविषयी कुठे बोलायचं नाही. मी सही केली. बाकीच्या चाळीस जणांना आणखी एक अपडेट मिळालं. हुद्दारांनी नोकरी सोडली की त्यांना काढलं, हे मला नक्की कळलं नाही. सर्व्हिस सेंटरवर त्यांच्या जागी दुसरा माणूस दिसला, तो फार हसून बोलायचा.

घरी मी नीलमला सांगितलं की गाडी बंद पडली, हुद्दारला चांगली अद्दल घडली, शर्वरीच्या वर्षाची भरपाई झाली. ती म्हणाली, "देव बघतो हो." रशीदभाईंचा विषय मी काढला नाही.

शर्वरीने पुन्हा ती परीक्षा दिली नाही. रत्नागिरीला बीएस्सीला गेली. दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मैत्रिणींबरोबर आंब्याला जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. मी एका सामाईक जमिनीचा नकाशा काढत होतो.

"बाबा, रशीदकाका भेटले काल."

"बरे आहेत ना?"

"बरे आहेत. म्हणत होते, तुझ्या बाबांनी मला एकदा सकाळपासून जीप घेऊन बसवून ठेवलं आणि तीन वाजता फोन केला. गाडी खाली साडेबारापासून बंद होती, हे त्यांना नंतर कळलं."

मी पेन्सिल खाली ठेवली. मग तिला सगळं सांगितलं. पन्नास मिनिटं, पिकअप, यादी, सकाळी सातचा फोन, खोटा फोन. यादीतली जी नावं आठवत होती, ती सांगितली. तिने मध्ये एकदाच विचारलं, "त्या परिचारिका अजून घाटातून जातात?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

"तुम्हाला त्यांचं खरं वाटलं होतं? हुद्दारांचं?"

"पूर्ण खरं वाटलं होतं."

"तरी?"

"तरी."

ती नकाशाकडे बघत बसली. मग म्हणाली, "तेव्हा बरं वाटलं तुम्हाला?"

तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. "हो," मी म्हणालो. "खूप."

"अजूनही?"

"तो चढ चढत गेला ते आठवलं की, अजूनही."

तिने मान हलवली. रागावलेली दिसली नाही. तिचा आवाज अगदी साधा होता. "मग ते तुम्ही तुमच्यासाठी केलंत, बाबा. मला त्यात काही मिळालं नाही आणि मी मागितलंही नव्हतं. आई दोन वर्षं सगळ्यांना सांगतेय, मुलीसाठी बापाने कंपनीला धडा शिकवला. ते आधी जाऊन दुरुस्त करा. मग त्या लोकांचं काय करायचं ते बघू."

"मी सही केलीय, शर्वरी."

"तुम्ही केलीय. मी नाही केलेली. नावं लिहून द्या मला."

तिने माझ्या पुढ्यातला एक कोरा कागद उचलून माझ्यासमोर ठेवला. मी आठवतील ती अकरा नावं लिहिली. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही. तिने कागद घडी करून घेतला आणि मागच्या दाराकडे बोट केलं.

नीलम मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो. "काय हो?" तिने विचारलं. मी परीक्षेच्या दिवशी सकाळी सातपासून सांगायला सुरुवात केली.